ताटावरचे नाव

मुंबईच्या अपोलो बंदरावरून निघालेली लाँच मांडव्याच्या धक्क्यास लागली म्हणजे तीतून दोन तऱ्हेची माणसे उतरतात. कोणी घरी परत आलेला असतो, कोणी पाहुणा म्हणून आलेला असतो. घरचा माणूस मान खाली घालून भराभर चालू लागतो. पाहुणा थांबून समुद्राकडे पाहतो. परंतु गेल्या हिवाळ्यात त्याच धक्क्यावर आम्हांस अशी एक बाई भेटली की, ती या दोहोंपैकी कोणती हे आम्हांस ठरविता येईना. आणि बोलणे वाढले तेव्हा कळले की, तिचे तिलाही ते ठरविता आले नव्हते.

संध्याकाळची वेळ होती. मुंबईस परत जाणाऱ्या लाँचेची आम्ही वाट पाहत होतो. शेजारी साठीच्या पुढची ही बाई व तिशीच्या आतली तिची कन्या अशा दोघी बसल्या होत्या. कन्या इब्री भाषेत बोलत होती. आईने मात्र आम्हांस मराठीत वेळ विचारली. तिचे मराठी ऐकून आम्ही चकित झालो. चूल, भांडी, जेवण, रागावणे, लाड करणे यांचे सगळे शब्द तिला अस्सल कोकणी थाटाचे येत. परंतु वर्तमानपत्रात येतो असा एकही शब्द येत नसे. चार वर्षांची असताना आईबापांबरोबर ती इस्राएल देशी गेली. तेथे घरात आईच्या तोंडून जेवढी भाषा ऐकली तेवढीच तिच्यापाशी उरली, आणि ती तशीच्या तशी उरली. लिहिणे-वाचणे तिला इब्रीत येत होते, मराठीत येत नव्हते.

कन्येने आपल्या मोबाइलवर आम्हांस एक चित्र दाखविले. पितळेचे एक मोठे ताट होते. उभ्या काठावर, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसे, ठिपक्याठिपक्यांनी काही अक्षरे ठोकलेली होती. हे ताट तिच्या आजीचे. आई ते ओळखीत होती, पण तिला ते वाचता येत नव्हते. कन्येला तर त्या अक्षरांत नक्षीपलीकडे काही दिसत नव्हते. आम्ही चष्मा शोधू लागलो इतक्यात, आजीबरोबर धक्क्यावर आलेला पाचवी-सहावीतला एक मुलगा वाकून पाहत होता, त्याने घडाघडा वाचून दाखविले. आधी बाईचे नाव, मग तिच्या नवऱ्याचे, मग गावाचे नाव आणि त्याच्या शेवटी ‘कर’. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “हा तर माझ्या मामाचा गाव!”

आईने ते कन्येला आपल्या भाषेत सांगितले. मग काही वेळ त्या दोघी काहीच बोलल्या नाहीत.

पुढे लाँच येईपर्यंत आमचे जे बोलणे झाले त्याचे सार असे. ही कन्या आता नोकरीनिमित्त इस्राएल सोडून दुसऱ्याच एका थंड देशी राहावयास जाणार होती. आईची इच्छा अशी की, आजीचे ताट तिने बरोबर न्यावे. कन्येचे म्हणणे असे की, “जे मला वाचता येत नाही, ज्या गावी मी कधी राहिले नाही, त्याचे ओझे मी का वाहावे? आजीच्या गावी कोणाला तरी ते देऊन टाकू, म्हणजे ते आपल्या घरी जाईल.” आणि आईने आमच्याकडे वळून विचारले, “तुम्हीच सांगा, हे ताट कोणाचे?”

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. आईबापांनी जिवापाड जपलेली वस्तू परदेशी वाढलेल्या लेकराच्या हाती येते तेव्हा तिच्याबरोबर काय येते? ऋण येते की ओझे येते? ती टाकली तर आईला टाकले असे होते काय? आणि ठेवली तर आपण अजून येथले नव्हे, तिकडले, अशी कबुली दिल्यासारखे होते काय? आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते अर्धवट होते. पुढे पुष्कळ विचार केला तो आज वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांचे हे ताट ते लोक कोण, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. मांडव्याहून दक्षिणेस किनाऱ्याने गेले म्हणजे किहीम व नवगाव ही गावे लागतात. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, फार पुरातन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावाजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच काय ती जिवंत किनाऱ्यास लागली. बुडालेल्यांची प्रेते नवगावास पुरली. त्या जागी आज स्मारक उभे आहे. वाचलेल्यांजवळ काही उरले नाही. ग्रंथ गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. काळे लोटली तशी भाषाही गेली. फक्त देव एक आहे अशी साक्ष देणाऱ्या प्रार्थनेचे आरंभीचे इब्री शब्द तोंडी राहिले.

मग हे लोक कशावरून ओळखले गेले? त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. लेकरांची सुंता ते करीत, खाण्यापिण्याचे काही नियम पाळीत. एवढ्यावर ते शेकडो वर्षे आपले वेगळेपण राखून राहिले. याबरोबर येथले जे होते तेही त्यांनी मनापासून घेतले. त्यांच्या बायका लुगडी नेसल्या, मंगळसूत्र ल्याल्या, लग्नाआधी मेंदी लावू लागल्या. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आपल्या नावापुढे लावले. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे ते नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. मांडव्याहून अलिबागेस जाताना झिराड गाव लागते, डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८४) या नामांकित वैद्यविदुषीचे आडनाव त्याच गावावरून आले. दुसऱ्या देशाहून आलेल्या माणसाने गावाला आपले नाव दिले नाही, गावाचे नाव आपण घेतले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यांची हरवलेली इब्री भाषादेखील त्यांना पुन्हा सापडली ती पुष्कळ अंशी मराठीच्या दाराने. कोचीनच्या यहूद्यांनी त्यांना शिकविले हे खरे, पण डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली इब्रीचे व्याकरण मराठीत लिहून छापले, तेही त्यांच्या उपयोगी पडले. मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची मुले बसली. ती आपला धर्म सोडून गेली नाहीत; विद्या मात्र घेऊन गेली. पुढे १७९६ साली मुंबईस उभारलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिरामागून कोकणातही मंदिरे झाली. अलिबागच्या इस्राएल आळीतले मंदिर १८४८ सालचे. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचे ‘हग्गादा’ नावाचे पुस्तक मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईस व १८७४ साली पुण्यास निघाले. पुण्याच्या पुस्तकात चित्रे आहेत, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या त्यांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून निघालेल्या पूर्वजांची कथा सांगणारे पुस्तक, आणि त्यात आपल्या आळीतल्यासारख्या बायका! त्या लोकांना यात काही विसंगत वाटले नाही. आम्हांसही वाटत नाही.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले. त्या सुमारास या देशात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. येथे त्यांचा छळ झाला म्हणून नव्हे, तर वाडवडिलांच्या प्रार्थनेतला देश प्रत्यक्ष दिसू लागला म्हणून, आणि काहीअंशी चांगल्या निर्वाहाच्या आशेने, ते जाऊ लागले. आज भारतातल्या सर्व यहूद्यांची मिळून संख्या पाच हजारांहूनही कमी आहे. बेरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद या गावी मात्र कोकणातली आडनावे दारोदार लागली. पेट्यांतून काय गेले? भारी सामान फारसे नेता आले नाही. पण पितळेचे ताट गेले. कारण मलिद्याला ताट लागते. भिजविलेले पोहे, गूळ अगर साखर, ओल्या नारळाचा कीस, सुका मेवा व फळे यांनी ते ताट भरावयाचे, आणि एलीया संदेष्ट्याचे स्मरण करून देवाचे उपकार मानावयाचे, ही त्यांची चाल. लग्न ठरले, नवे घर झाले, दुखणेकरी उठला, की मलिदा. अलिबागेजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलीयाच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि इस्राएलाहून आलेले लोक आजही ती जागा पाहावयास येतात.

आता यापुढची गोष्ट दुःखाची आहे. ज्या देशी ते ‘आपल्या घरी’ म्हणून गेले, तेथे त्यांना ‘होदी’ म्हणजे हिंदी लोक म्हणू लागले. येथे जे इस्राएली ते तेथे हिंदी झाले. काहींना तेथले वागविणे इतके सोसवेना की, बेरशेबात त्यांनी गाऱ्हाणे मांडून धरणे धरले व १९५२ साली ते भारतात परत आले. आणि येथे आल्यावर येथेही आपले उरले नाही असे दिसून त्यांतले पुष्कळजण पुन्हा तिकडे गेले. पुढे १९६२ साली तेथल्या धर्माधिकाऱ्यांनी ठरविले की, बेने इस्राएलांचे इतरांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आयाआजांच्या वंशाची चौकशी करावी. या अपमानाविरुद्ध १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमेत त्यांच्यातल्या पुष्कळांनी बसून सत्याग्रह केला. त्या वर्षीच्या ऑगस्टात तेथल्या लोकसभेने हे लोक सर्व बाबतींत पुरे यहूदी आहेत असा ठराव केला, आणि नियमांतून त्यांचे नाव काढण्यात आले.

धक्क्यावरची ती बाई म्हणाली की, तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न त्याच दिवसांत ठरले होते. एका कचेरीत आईचा व आजीचा पुरावा मागितला. गावाकडे कागद कोठले? तेव्हा आईने ते ताट फडक्यात बांधून नेले व टेबलावर ठेवले. तिच्या मनात सरळ एवढेच होते की, ‘यात आम्ही मलिदा करतो, आणि यावर माझे नाव आहे.’ समोरच्या गृहस्थाला ती अक्षरे वाचता आली नाहीत. त्याने ताट उलटसुलट करून पाहिले व परत दिले. लग्न पुढे झाले. पण त्या दिवसापासून तिच्या भावाने ते ताट कपाटाच्या तळाशी चादरीत गुंडाळून ठेविले. घरी कोणी यावयाचे असले की तो पाहून घेई, ताट वर नाही ना. आई मलिद्याच्या दिवशी ते काढी, घाशी, आणि काम झाले की पुन्हा गुंडाळून ठेवी. भावाला ती कधी बोलली नाही. या ताटावर काय लिहिले आहे हेही तिने पोरांना कधी सांगितले नाही.

वाचकहो, आम्हांस वाटते, या गोष्टीतले खरे दुखणे ताट ठेवले की टाकले यात नाही. ते शेवटच्या वाक्यात आहे.

पवित्र शास्त्रात प्रवासाला निघालेल्या माणसांबरोबरच्या वस्तूंच्या कथा आहेत. त्यांतल्या तीन येथे आठवतात. राहेल आपल्या बापाचे घर सोडून नवऱ्याबरोबर परमुलखास निघाली, तेव्हा तिने बापाच्या गृहमूर्ती चोरून घेतल्या. लाबान शोधीत आला तेव्हा त्या उंटाच्या खोगिरात दडवून ती त्यावर बसून राहिली. तिने त्या का घेतल्या? लोभाने, भक्तीने, की माहेरच्या ओढीने? शास्त्र सांगत नाही, कारण तिने कोणाला सांगितलेच नाही. दडविलेल्या वस्तूची गत अशी होते. ती जवळ असते, पण तिच्यावर बसून राहावे लागते. उठता येत नाही.

दुसरी कथा पुढे त्याच घराण्याची. याकोबाने आपल्या मंडळीजवळचे सर्व परके देव मागून घेतले व शखेमाजवळच्या झाडाखाली पुरले. जे पुजले जात होते ते त्याने मातीआड केले. परंतु त्याच अध्यायात, थोड्याच अंतरावर, राहेल बाळंतपणात वाटेवर मरण पावली, तेव्हा त्याच याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला. आम्हांस हे फार विचार करण्याजोगे वाटते. एकाच हाताने त्याने एक पुरले व एक उभे केले. पूजेची वस्तू व आठवणीची वस्तू यांतला भेद त्याला कळत होता. जिच्यापुढे आपण हात जोडून काही मागतो ती एक. जिच्याकडे पाहून कोणाची तरी आठवण करतो ती दुसरी. पहिलीच्या भीतीने दुसरी पुरून टाकणाऱ्याला याकोबाचा आधार नाही.

तिसरी कथा यहोशवाची. यार्देन उतरून लोक नव्या देशात गेले तेव्हा नदीच्या पात्रातून बारा माणसांनी एकेक धोंडा खांद्यावर आणला, व ते धोंडे गिलगाल येथे उभे केले. कशासाठी? शोभेसाठी नव्हे, नदीतल्या धोंड्याला कसली शोभा? तर पुढे लेकरे विचारतील की हे काय आहे, आणि मग बापांनी सांगावे. त्या धोंड्यांचे सारे मोल त्या पुढच्या प्रश्नात होते. वल्हांडणाच्या रात्रीची रीतही अशीच आहे. लहान मूल विचारते, म्हातारा सांगतो. मुलाने विचारलेच नाही, किंवा म्हाताऱ्याने सांगितलेच नाही, तर ताटात भाकरी तेवढी उरते.

या तीन कथांवरून त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे सुचते. आईची वस्तू ही प्रमाणपत्र नव्हे. ती कचेरीत दाखवून आपण कोण हे सिद्ध करावयाचे नसते, कारण वाचणाऱ्याला वाचावयाचेच नसेल तर काय करणार? ती देवही नव्हे. मोशेने केलेला पितळी सर्प लोक पुढे धूप जाळून पुजू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, आणि बरे केले. आईची वस्तू हा एक प्रश्न आहे. तिने तो आपल्यामागे घरात ठेवलेला असतो, यासाठी की, कोणीतरी विचारावे. ज्याला त्या प्रश्नाचे उत्तर सांगता येते त्याचे ते ताट. रक्ताने वारस असूनही ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या घरी ते नुसते पितळ आहे. मोडीत वजनावर जाईल असे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. कोणी म्हणतील, “ताटच कशाला हवे? सात पुरुष व सात स्त्रिया रिकाम्या हातांनी नवगावास लागल्या. त्यांच्यापाशी काय होते? ओळख मनात व आचरणात असते.” हे खरे आहे, आणि आम्हांस मान्य आहे. म्हणूनच ज्याला ताट नेणे शक्य नाही त्याने कष्टी होऊ नये असे आम्ही म्हणतो. पण लक्षात घ्यावे की, त्या चौदा जणांनी वस्तू टाकल्या नव्हत्या. त्या बुडाल्या होत्या. आणि वस्तू बुडाल्यावर त्यांनी जे राखले तेही असेच दर आठवड्याला प्रश्न उभा करणारे होते. शनिवारी घाणा बंद का, हे शेजाऱ्याचे पोर विचारीत असेल व आपलेही पोर विचारीत असेल. घरात असा एकही प्रश्न उरू न देता मनातली ओळख किती पिढ्या टिकेल?

दुसरे म्हणतील, “आईची वस्तू लेकराने न सांगता, न कुरकुरता राखलीच पाहिजे, टाकणे पाप आहे.” हेही आम्हांस पुरते मान्य नाही. ज्या मुलाला लाज वाटली त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु परक्या देशात आपल्या बहिणीचे लग्न अडलेले ज्याने पाहिले, त्या भावाच्या मनाला काय झाले असेल? त्याने ताट मोडीत घातले नाही. लपविले, पण राखले. आम्ही त्याला कृतघ्न म्हणणार नाही. त्याची चूक एवढीच की, ज्यांनी लाजविले त्यांची नजर त्याने आपल्या घरात येऊ दिली, आणि तिने तो आपल्या आईकडे पाहू लागला. आणि आईचीही थोडी चूक आम्ही सांगतो. दुःख झाले म्हणून ती गप्प राहिली. लेकरांनी न विचारणे हा एक दोष, तर वडिलांनी न सांगणे हा त्याहून मोठा दोष; कारण ज्याला ठाऊक नाही त्याला विचारावे तरी काय हेही ठाऊक नसते.

यात आणखी दोघांवर कर्तव्य येते. पहिले, जेथे माणूस नवा येऊन राहतो तेथल्या शेजाऱ्यांवर. आपल्या कोकणातल्या खेडुतांनी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्याला ‘तुझा वंश सिद्ध कर’ असे म्हटले नाही. त्यांनी फक्त नाव ठेवले, शनिवार तेली, आणि सोमवारी त्याच्याकडून तेल घेतले. हे मोठे औदार्य होते असे आम्ही म्हणत नाही. आपल्या गावगाड्यात दुसऱ्या कितीएकांशी किती निर्दयपणे वागले गेले ते आमच्या वाचकांना सांगावयास नको. पण या एका बाबतीत येथे जे घडले ते बरे घडले. आज आपल्या गावात वीटभट्टीवर, बांधकामावर, मासेमारीच्या होडीवर दूरदूरची माणसे येतात. त्यांच्या बोचक्यात त्यांच्या आईचे काही असते. ते पाहून हसणारा माणूस त्या कचेरीतल्या गृहस्थाहून निराळा नाही.

दुसरे कर्तव्य मागे राहिलेल्या गावावर. जो गेला त्याचे नाव आपण वाचून दाखवावे, एवढेच. धक्क्यावरच्या त्या पोराने कोणते मोठे काम केले? पण साठ वर्षे घरात कोणी वाचले नाही ते त्याने वाचले, आणि परक्या बाईला ‘माझ्या मामाचा गाव’ म्हणून आपलेसे केले. ज्या गावाला आपल्या गेलेल्या माणसांची नावे वाचता येतात, त्या गावाहून गेलेला माणूस कितीही दूर असो, पुरता परका होत नाही.

आता हा प्रश्न आमच्या मंडळ्यांपासूनही फार दूर नाही. पुष्कळांच्या घरी आजोबापणजोबांचा एखादा गडू, एखादी घागर, एखादी परात असेल. त्यावर जुने नाव असेल, आणि मंडळीच्या नोंदवहीत त्याच माणसाचे नवे नाव असेल. कित्येकजण ते भांडे माळ्यावर टाकतात; कोणी पाहिले तर काय म्हणेल अशी एक लाज, आणि जुन्याशी संबंध नको अशी दुसरी. त्यांना आम्ही याकोबाकडे बोट दाखवितो. जे पुजले जात होते ते पुरले, ठीक झाले. पण पाणी पिण्याच्या गडूला कोणी कधी पुजले नव्हते. त्यावरचे नाव ज्या माणसाचे, त्याने उन्हातान्हात राबून तुमच्या बापाला वाढविले. त्याने घर सोडले, गावाचे बोलणे सोसले, विहीर तुटली तरी टिकून राहिला. ते नाव घासून टाकले तर त्याने काय सोडले व काय सोसले हे तुमच्या पोरांना कशावरून कळणार? भांडे उजेडात आणावे, त्यात पाणी भरावे, आणि पोराने विचारले की सांगावे.

तसेच मुंबईस, ठाण्यास, परदेशास ज्यांची मुले गेली आहेत त्या आईबापांना एक विनंती आहे. मुलाच्या पेटीत वस्तू घालावयाची तर तिच्याबरोबर चार वाक्येही घाला. हे कोणाचे, कोठून आले, केव्हा वापरीत असू. मुलाला ओझे वाटेल तर जबरदस्ती करू नका. वस्तू मागे ठेवली तरी चालेल, पण गोष्ट मागे ठेवू नका. आणि मुलांनाही एवढेच सांगणे आहे की, देऊन टाकावयाचे असले तर द्या. पण ऐकल्याशिवाय देऊ नका. जे ऐकून दिले ते दान होते. न ऐकता दिले तर ते नुसते अडगळ काढणे होय.

त्या संध्याकाळी आम्ही यातले फारसे बोलू शकलो नाही. लाँच येताना दिसू लागली होती. कन्येने त्या पोराला काहीतरी विचारावयास आईला सांगितले. आईने विचारले, “बाळा, ते नाव मोठ्या अक्षरांत लिहून देशील का?” त्याने आजीच्या पिशवीतून वाण्याच्या पुडीचा कागद काढला, आमची पेन्सिल घेतली, आणि गुडघ्यावर ठेवून एकेक अक्षर सावकाश लिहिले. कन्येने त्याखाली तेच नाव स्वतःच्या हाताने उतरविले. पहिल्याने अक्षरांवर रेघ द्यावयास ती विसरली. पोराने ती दाखविली. तिने ती ओढली. मग कागद घडी करून तिने आपल्या पारपत्रात ठेविला.

ताटाचे त्यांनी पुढे काय केले हे आम्हांस ठाऊक नाही. ते त्या थंड देशी गेले असेल, आईच्या घरी राहिले असेल, किंवा आजीच्या गावी परत आले असेल. कोठेही असो, त्यावरचे नाव वाचू शकणारे त्या घरात आता कोणीतरी आहे. आपल्या घरचे काय, याचा शोध प्रत्येकाने आज रात्री दिवा लावल्यावर, घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून, घ्यावा अशी आमची सर्वांस नम्र सूचना आहे.